साल्वातोरे फेरागामो : जोडा, जात आणि जन्म

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी पुरुषांच्या पेहरावाचा मोठा सोहळा झाला. प्राडा या बड्या कंपनीने त्यात जे तरुण चालवले, त्यांच्यापैकी काहींच्या पायात थेट कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल होती. कोल्हापूरचे नाव मात्र कुठेच नव्हते. आपल्याकडे गदारोळ उठला. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, मग हे घडले कसे, असा सवाल झाला. चपलेची प्रेरणा भारतातील पारंपरिक पादत्राणाची आहे, हे कंपनीला मान्य करावे लागले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०२५ मध्ये जनहित याचिका फेटाळली गेली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक वेगळे आहेत, याचिकाकर्ते नव्हेत, हा त्यातला कायद्याचा मुद्दा होता.

या सगळ्या आरडाओरडीत एक गोष्ट आमच्या नजरेतून सुटली नाही. ज्यांनी उभ्या आयुष्यात चर्मकाराच्या घरचे पाणी तोंडाला लावले नाही, असे लोकही एकाएकी आपला वारसा, आपली संस्कृती म्हणून गळा काढू लागले. चप्पल वारसा झाली. ती शिवणारा मात्र गावाच्या कडेलाच राहिला. चप्पल कोणाची, यावर वाहिन्यांवर रात्र रात्र चर्चा झाल्या. चप्पल शिवणाऱ्याचे नाव काय, हे विचारण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही.

आमचा आजचा विषय मात्र प्राडा नाही. त्याच इटलीत शंभरसव्वाशे वर्षांपूर्वी जन्मलेल्या एका जोडे शिवणाऱ्याचा आहे. त्याचे नाव साल्वातोरे फेरागामो. आज जगभरच्या श्रीमंतांच्या बाजारात या नावाचे बूट, पट्टे, पाकिटे आणि रेशमी टाय विकले जातात. आपल्या वाचकांनी या माणसाचे चरित्र ओळखून घ्यावे असे आम्हाला वाटते. त्याचे कारण त्याची श्रीमंती नव्हे. ज्या धंद्याला त्याच्याही गावात सगळ्यात हलके मानले जात होते, तो धंदा त्याने आपल्या मर्जीने उचलला. आमच्याकडे हे का घडू शकले नाही, हा प्रश्न त्याच्या चरित्रातून पानोपानी उभा राहतो.

दक्षिण इटलीत नेपल्सच्या पूर्वेला डोंगराळ मुलखात बोनितो नावाचे एक लहान गाव आहे. तिथे ५ जून १८९८ रोजी साल्वातोरेचा जन्म झाला. आईबाप शेतकरी. चौदा लेकरांतला हा अकरावा. दक्षिण इटली त्या काळी आपल्या मराठवाड्यासारखी कोरडी, कर्जात बुडालेली आणि माणसे देशांतराला लागलेली अशी होती. घरात अन्नाची वानवा आणि गावात धंद्याची उतरंड. त्या उतरंडीत जोडे शिवणारा सर्वांत खाली. साल्वातोरेच्या घरासमोरच लुईजी फेस्ता नावाच्या जोडे शिवणाऱ्याचे दुकान होते. हा पोरगा शाळा सुटली की तिथे जाऊन बसायचा आणि तासन् तास त्याच्या हाताकडे बघायचा. बापाला ते खपत नव्हते. दुसरा कोणताही धंदा शीक, पण हा नको, घराण्याची लाज जाईल, असे घरचे म्हणणे. गरीब शेतकऱ्यालासुद्धा आपल्यापेक्षा कोणीतरी खाली लागतो, हे आपण आपल्या गावगाड्यात रोज पाहतोच.

पोर नऊ वर्षांचे असताना एक प्रसंग आला. बहिणींचा चर्चमधला पहिल्या कम्युनियनचा विधी होता. त्याला मुलींच्या पायात पांढरे जोडे लागतात. घरात पैसे नाहीत. आई रडकुंडीला आलेली. गावासमोर पोरी मळक्या जोड्यांत जाणार, म्हणजे घराची अब्रू गेली. साल्वातोरेने फेस्ताकडून पांढरे कापड, पुठ्ठा आणि हत्यारे मागून आणली आणि रातोरात जोडे शिवून दिले. सकाळी बहिणी नव्या पांढऱ्या जोड्यांत चर्चमध्ये गेल्या. घरचा विरोध तिथे मावळला. ज्या धंद्याने घराची अब्रू जाईल म्हणत होते, त्याच धंद्याने घराची अब्रू राखली. मग तो फेस्ताच्या हाताखाली रीतसर शिकू लागला. पुढे अकराबाराव्या वर्षी नेपल्समध्ये जाऊन आणखी शिकून आला आणि आपल्याच घरात दुकान थाटून, हाताखाली माणसे ठेवून गावच्या बायकांचे जोडे शिवू लागला.

इथे थोडे थांबले पाहिजे. बोनितोतही तिरस्कार होताच. पण तो तिरस्कार धंद्याला चिकटलेला होता, रक्ताला नव्हे. शेतकऱ्याच्या पोराने जोडे शिवायला घेतले तर बापाला वाईट वाटले, चार लोक हसले, बस्स. त्याच्या विहिरीचे पाणी कोणी बंद केले नाही, चर्चचे दार लावले नाही. हसणारे लोक तो चार पैसे मिळवू लागल्यावर गप्प झाले. आपल्याकडे याच्या नेमके उलट आहे. धंदा सोडला तरी जात सुटत नाही. पोरगा आरी-रापी कधी हातात धरत नाही, बी.ए. होतो, एल.एल.बी. होतो, तरी गावात त्याची ओळख आजाच्या धंद्यावरूनच. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिसंस्थेचे उच्चाटन' लिहिताना हेच उलगडून दाखवले, की जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे आणि तीही उतरंडीची. बोनितोच्या पोराची गोष्ट वाचताना या विधानाचा अर्थ जितका लख्ख होतो तितका दहा व्याख्यानांनी होत नाही.

पहिले महायुद्ध युरोपात पेटले त्या काळात हा पोरगा अमेरिकेला निघाला. वय सोळा-सतरा. त्याचे भाऊ आधीच तिकडे गेले होते. बोस्टनला एका मोठ्या बूट कारखान्यात त्याचे नातलग कामाला होते. हा कारखाना पाहून तो थक्क झाला. यंत्रांच्या रांगा, मिनिटामिनिटाला पडणारे बूट. पण हातात बूट घेऊन पाहिल्यावर त्याचे मन उतरले. जड, ठोकळेबाज, पायाचा विचारच नाही. तिथे त्याने नोकरी केली नाही.

बोस्टनचा विषय निघाला आहे तर त्या शेजारच्या लिन गावातील एक माणूस आपल्या वाचकांना सांगितल्याशिवाय राहवत नाही. यान मात्सेलिगर त्याचे नाव. सुरिनाममध्ये जन्मलेला, आई कृष्णवर्णीय. बुटाचे वरचे चामडे लाकडी साच्यावर ताणून तळाला बसवणे, हे काम यंत्र कधीच करू शकणार नाही, अशी त्या कारागिरांची घमेंड होती. चांगला कारागीर दिवसाला पन्नास जोड करी. मात्सेलिगरने उपाशीपोटी राहून त्याचे यंत्र तयार केले, १८८३ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि हेच काम दिवसाला काही शे जोडांवर नेले. त्याच्या रंगामुळे गावातल्या चर्चेसनी त्याला आत घेतले नाही, एका चर्चने घेतले. १८८९ मध्ये क्षयाने तो वारला तेव्हा अवघा ३६ वर्षांचा होता. फेरागामो ज्या कारखान्याला नाक मुरडून बाहेर पडला, तसले कारखाने उभे राहिले ते या काळ्या माणसाच्या डोक्यावर. हाताचे काम थोर की यंत्राचे, हा वाद रंगवणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे. यंत्रानेच गरिबाच्या पायात बूट घातला.

असो. फेरागामो बंधू पश्चिमेला कॅलिफोर्नियात सांता बार्बरा येथे गेले. तिथे सिनेमा कंपनी होती. गुराख्यांचे, घोडेस्वारांचे चित्रपट निघत आणि त्यातल्या नटांना उंच बूट लागत. फेरागामो पुढे प्रसिद्ध झाले ते बायकांच्या पादत्राणांसाठी, पण अमेरिकेत पाय रोवला तो पुरुषांच्या या बुटांनी. बाजारचे बूट पायाला बोचतात म्हणून कुरकुरणारे नट त्यांचे बूट घालून घोड्यावर बसले आणि मग त्यांना सोडायला तयार होईनात. १९२३ च्या सुमारास सिनेमाचा सगळा कारभार हॉलिवूडला गेला तसे फेरागामोही तिकडे गेले आणि मोठे दुकान काढले. 'दि टेन कमांडमेंट्स' या त्या वर्षीच्या मूकपटात हजारो माणसे जी सँडल घालून चालतात, ती त्यांच्या हातची. रुडॉल्फ व्हॅलेंटिनोसारखा त्या काळचा सर्वांत लाडका नट त्यांचे गिऱ्हाईक होता.

आता आमच्या मते या चरित्रातली सर्वांत मोलाची गोष्ट. हातात कसब होते, गिऱ्हाईक होते, पैसा येत होता. दुसरा कोणी असता तर तिथेच समाधान मानले असते. पण फेरागामोंना एक प्रश्न छळत होता. बूट देखणा आहे, मापाचा आहे, तरी पाय दुखतो का? याचे उत्तर त्यांच्या उस्तादाकडे नव्हते, बापजाद्यांकडे नव्हते. ते विद्यापीठात गेले. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी शरीररचनाशास्त्राचे शिक्षण घेतले. हाडे किती, ती कशी जोडलेली, उभ्या माणसाचे वजन नेमके कुठे उतरते, याचा अभ्यास केला. त्यातून त्यांना कळले, की शरीराचा भार तळपायाच्या कमानीवर येतो आणि नेमकी ती कमानच बुटात अधांतरी लोंबकळत असते. मग त्यांनी बुटाच्या आतल्या आणि बाहेरच्या तळाच्या मध्ये कमानीखाली पोलादाची पातळ पट्टी बसवायला सुरुवात केली. कमानीला आधार मिळाला, बोटे मोकळी झाली, बूट हलका झाला. याच काळात एका मोटार अपघातात त्यांचा एक भाऊ गेला आणि त्यांचा स्वतःचा पाय मोडला. पाय ताणून धरण्याचे डॉक्टरांचे साधन त्यांना पटले नाही, तेव्हा दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांनी आपले साधन तयार केले.

जोडे शिवणारा विद्यापीठात जाऊन हाडांचा अभ्यास करतो, याचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. आपल्याकडे हाताला काम दिले त्याला अक्षर नाकारले आणि अक्षर दिले त्याने हाताला काम लावले नाही. शतकानुशतके चामडे कमावणाऱ्या आमच्या ढोर आणि चर्मकार बांधवांना बाभळीची साल आणि हिरडा चामड्यावर काय करतो याचे जे ज्ञान आहे, ते अस्सल रसायनशास्त्र आहे. पण ते वहीत उतरले नाही, प्रयोगशाळेत गेले नाही. कारण ज्याच्या हाती ते होते त्याच्या हाती पाटी येऊ दिली नाही. या देशाचे त्यात किती नुकसान झाले याचा हिशेब मांडायला कोणी बसत नाही.

१९२७ मध्ये फेरागामो इटलीत परतले आणि फ्लोरेन्सला त्यांनी कारखाना काढला. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, मेलेली जनावरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका असे आपल्या माणसांना बजावले. एकीकडे चामड्याचे काम घेऊन एक माणूस मानाने मायदेशी परततो आणि दुसरीकडे एका सबंध समाजाला माणूस होण्यासाठी मेलेल्या जनावराचे काम टाकून द्यावे लागते. बाबासाहेब कष्टाचे शत्रू नव्हते. जे काम निवडता येत नाही, ज्याचा दाम ठरवता येत नाही आणि जे नाकारले तर गाव बहिष्कार घालते, ते काम नव्हेच, ती गुलामी होय. म्हणून जे लोक आज आमच्या पोरांना पारंपरिक व्यवसायाकडे वळा असा गोड उपदेश करतात, त्यांनी आधी आपली पोरे आरी-रापी घेऊन बसवावीत, मग बोलावे.

फ्लोरेन्सच्या कारखान्यात फेरागामोंनी कामाची एक वेगळीच रचना केली. अमेरिकेतल्या कारखान्याची कामाची विभागणी त्यांनी घेतली, पण यंत्रे घेतली नाहीत. प्रत्येक टप्पा हाताने. आधी गिऱ्हाइकाच्या पायाचे माप. मग त्या मापाचा लाकडी साचा, ज्याला कारागीर फर्मा म्हणतात. जोडा चांगला की वाईट हे निम्मे या लाकडातच ठरते. मग चामडे कापायचे, कडा पातळ करायच्या, वरचा भाग शिवायचा, तो फर्म्यावर पक्कडीने ताणून खिळवायचा, कमानीची पट्टी बसवायची, आरीने भोक पाडून मेणाच्या दोऱ्याने तळ शिवायचा आणि चामड्याने आकार धरेपर्यंत जोडा फर्म्यावरच ठेवायचा. घाई केली की घातल्यावर आठ दिवसांत जोडा बसतो. जुने नावाजलेले कारागीर या नव्या पद्धतीत यायला तयार नव्हते, म्हणून त्यांनी कोवळी पोरे हाताशी धरून तयार केली.

माल अमेरिकेला जाई. १९२९ मध्ये अमेरिकेचा बाजार कोसळला, मागणी आटली आणि १९३३ मध्ये फेरागामोंचे दिवाळे निघाले. दुसऱ्यांदा सगळे उभे करावे लागले. आणि इथे या चरित्राची काळी बाजू येते, ती आम्ही झाकणार नाही. १९३५ मध्ये मुसोलिनीच्या फॅसिस्ट फौजा इथिओपियावर चालून गेल्या. काळ्या माणसांच्या एका स्वतंत्र देशावर विषारी वायू सोडला गेला. राष्ट्रसंघाने इटलीवर निर्बंध लादले आणि त्यामुळे पट्टीसाठी लागणारे चांगले पोलाद मिळेनासे झाले. तेव्हा फेरागामोंनी सार्डिनिया बेटावरच्या बुचाच्या झाडाची साल घेतली, तिचे तुकडे एकमेकांवर चिकटवून टाच आणि कमान यांमधली पोकळी भरून काढली. जगभरच्या बायकांनी जो जाड तळाचा जोडा पुढे वापरला त्याचा जन्म असा झाला. चामडे कमी पडले तेव्हा त्यांनी माशाचे कातडे, गवताचे तंतू, मिठाईच्या वेष्टनाचा पारदर्शक कागददेखील वापरला. ही बुद्धी अचाट आहे यात शंका नाही. पण ती ज्या टंचाईत फुलली, त्या टंचाईमागे आफ्रिकेतली प्रेते आहेत. पुढे याच हातांनी मुसोलिनीचे बूट शिवले आणि हिटलरची सोबतीण एव्हा ब्राउन हिचेही जोडे शिवले. कारागिराला गिऱ्हाईक निवडता येत नाही असे कोणी म्हणेल. ज्याला राजवाडा विकत घेता येतो त्याला गिऱ्हाईक नाकारताही येते, असे आमचे मत आहे.

होय, राजवाडा. १९३८ मध्ये फेरागामोंनी फ्लोरेन्समधला तेराव्या शतकातला पालाझ्झो स्पिनी फेरोनी हा वाडा खरेदी करायला घेतला. सरदारांनी बांधलेल्या त्या भिंतींच्या आत जोड्यांचा कारखाना बसला. १९४० मध्ये त्यांचे लग्न झाले ते बोनितोच्या डॉक्टरच्या मुलीशी, वांदा मिलेत्ती हिच्याशी. तिचे वडील गावचे प्रमुखही होते. गावच्या उतरंडीत सर्वांत खालचा धंदा करणारा आणि गावच्या सर्वांत वरच्या घरची लेक. वयात वीसहून अधिक वर्षांचे अंतर होते, त्याबद्दल कोणी काही म्हटले असेल. पण कोणी भाले-कुऱ्हाडी घेऊन धावले नाही. आमच्याकडे खैरलांजी आठवते, खर्डा आठवते, सोनई आठवते. एवढेच लिहून पुढे जातो.

या वाड्याशी आपल्या महाराष्ट्राचा आणि आपल्या चळवळीचाही एक धागा जुळतो, तो फार थोड्यांना ठाऊक आहे. फेरागामोंच्या गिऱ्हाइकांत एक हिंदी महाराणी होती, कूचबिहारची इंदिरादेवी. तिने त्यांच्याकडून शंभराच्या वर जोडे शिवून घेतले. त्यांतल्या काहींवर जडवायला मोती आणि हिरे तिने स्वतःच्या खजिन्यातून पाठवले. ही इंदिरादेवी म्हणजे माहेरची इंदिराराजे गायकवाड, बडोद्याच्या महाराज सयाजीरावांची लेक. ज्या सयाजीरावांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवले, तेच हे सयाजीराव. त्यांचे ऋण आमचा समाज विसरलेला नाही. परंतु १९१७ मध्ये तेच बाबासाहेब बडोद्यात नोकरीवर रुजू झाले तेव्हा महाराजांच्याच कचेरीतले शिपाई विटाळाच्या भीतीने त्यांच्या टेबलावर लांबून फायली फेकत होते. त्यांना राहायला घर मिळाले नाही, पारशी पथिकाश्रमातून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. जोडे शिवणाऱ्याच्या हाताचा विटाळ तेव्हा फ्लोरेन्सला होत नव्हता. तो विटाळ राजघराण्याच्या मनात नव्हताच म्हणा, पण राज्याच्या हुकमाने तो शिपायाच्या मनातून गेला नाही. राजा भला असून भागत नाही, म्हणून तर बाबासाहेबांना संविधान लिहावे लागले.

महायुद्ध संपले. १९४७ मध्ये फेरागामोंनी मासे धरण्याच्या नायलॉन दोऱ्यापासून एक सँडल केली. पायावर दोरा दिसतच नाही, जणू पाय हवेत उभा आहे. त्या सँडलीला अमेरिकेत मोठा सन्मान मिळाला. १९५० च्या आसपास त्यांच्याकडे सातशे कारागीर होते आणि दिवसाला साडेतीनशे जोड हाताने तयार होत होते. म्हणजे एका जोडामागे दोन माणसांचा पुरा दिवस. आपल्या कल्पना त्यांनी पेटंटच्या रूपाने नोंदवून ठेवल्या होत्या, तीही शेकड्यांनी. वकील म्हणून आम्हाला हे विशेष वाटते. त्यांनी कला देवाची देणगी म्हणून वाऱ्यावर सोडली नाही. तिची नोंद केली, मालकी स्वतःच्या नावावर ठेवली. संत रोहिदासांच्या लेकरांनी हजारो नक्षी जन्माला घातल्या, पण त्यांतली एकही कोणाच्या नावावर नाही.

१९५७ मध्ये फेरागामोंचे आत्मचरित्र निघाले. त्यात त्यांनी एक विलक्षण दावा केला आहे. आपल्या हातातले हे कसब कुठून आले, याचा ते शोध घेतात. घराण्यातून आले नाही हे ते स्पष्ट सांगतात. पूर्वजांच्या मागच्या काही शतकांच्या नोंदी त्यांनी धुंडाळल्या, त्यांत एकही जोडे शिवणारा सापडला नाही. मग ते म्हणतात की हे ज्ञान मागच्या जन्मांचे, आपण पूर्वी अनेकदा जोडे शिवणारा म्हणून जन्मलो असलो पाहिजे.

गोऱ्या माणसाने लिहिले म्हणून हे वाक्य कोणाला गोड वाटेल. आम्हाला ते फार ओळखीचे वाटते. गेल्या जन्मीच्या कर्माने या जन्मी हा धंदा वाट्याला आला, हेच तर आमच्या आजापणजाला सांगितले गेले. तिकडे या कल्पनेने एका माणसाच्या यशाला तेज चढले, इकडे कोट्यवधी माणसांच्या गळ्यात तिनेच मडके अडकवले. आणि योगायोग पाहा, त्याच १९५७ साली बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यात बाबासाहेबांनी आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो ही समजूत खोडून काढली आणि गतजन्मीच्या कर्मावरून या जन्मीची पायरी ठरते ही शिकवण बुद्धाची नव्हेच, असे दाखवून दिले. फेरागामोंना उत्तर त्यांच्याच चरित्रात आहे. फेस्ताच्या दुकानातले ते तासन् तास बसणे, नेपल्समधली उमेदवारी, विद्यापीठातला हाडांचा अभ्यास, हजारो पाय हातात घेऊन केलेली पारख, दिवाळे निघाल्यावर पुन्हा पहिल्यापासून केलेली मेहनत. कार्य आहे तर कारण आहे, आणि कारण याच जन्मात, डोळ्यांसमोर आहे. उलट पूर्वजांत एकही जोडे शिवणारा नव्हता, या त्यांच्या एका कबुलीने वंशपरंपरागत कौशल्याचा सगळा ब्राह्मणी सिद्धांत कोसळतो. जगातला सर्वांत नामवंत जोडे शिवणारा जोडे शिवणाऱ्यांच्या कुळातला नव्हता. तसेच, ज्यांच्या कुळात पिढ्यान् पिढ्या जोडेच शिवले गेले त्यांच्या पोटी न्यायाधीश का निपजू नयेत?

आमच्याकडे जोडा ही नुसती वस्तू कधीच नव्हती. ज्याने जोडा शिवला त्यालाच तो घालून पाटलाच्या वाड्यावरून जायची बंदी होती. काखेत जोडे मारून अनवाणी जाणारी माणसे आमच्या मागच्या पिढीने पाहिली आहेत. बाबासाहेब सुटाबुटात, टाय बांधून का वावरत, असे आजही काही शहाणे विचारतात. त्याचे उत्तर या काखेतल्या जोड्यांत आहे. हा इतिहास झाला असे म्हणावे तर अत्याचार प्रतिबंधक कायद्यातली २०१५ ची दुरुस्ती उघडून पाहावी. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या या दुरुस्तीत अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक जागी पादत्राण किंवा नवे कपडे घालण्यास अडवणे, असे शब्द घालून गुन्हा लिहावा लागला. एकविसाव्या शतकात देशाच्या संसदेला चपलेसाठी कायदा करावा लागतो, यावरून काय ते समजावे.

७ ऑगस्ट १९६० रोजी फेरागामो वारले. वय ६२. मागे वांदा आणि सहा मुले. वांदाने कधी नोकरी केली नव्हती, धंदा पाहिला नव्हता. गावचे लोक म्हणतील विकून टाक, पण तिने विकला नाही. मोठ्या मुलीला हाताशी धरून तिने कारखाना चालवला, आणि पुढच्या काही दशकांत पुरुषांचे बूट, टाय, पट्टे, पिशव्या असा त्याचा विस्तार झाला. २०१८ मध्ये ती वारली. त्याच वाड्यात १९९५ पासून संग्रहालय आहे. मोठमोठ्या नट-नट्यांच्या पायांचे लाकडी फर्मे तिथे जपले आहेत आणि प्रत्येकावर गिऱ्हाइकाचे नाव आहे. जोड्यावर नाव मालकाचे. सातशे कारागिरांना तिथेही जोड्यावर जागा नव्हती, हेही नोंदवून ठेवतो.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे चर्मोद्योग महामंडळ यांच्याशी करार केला. कोल्हापुरीच्या धर्तीवरचे २००० जोड आपल्याकडच्या कारागिरांकडून करून घेण्याचे ठरले आणि किंमत जोडाला सुमारे ८०० युरो सांगण्यात आली. मानांकनाची मालकी या दोन महामंडळांकडे आहे, कारागिराकडे नाही. परंतु १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याच्या कलम १७ नुसार चप्पल शिवणारा प्रत्येक कारागीर स्वतःच्या नावाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घेऊ शकतो. अर्ज चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे करायचा असतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन हे अर्ज भरून घ्यावेत. महामंडळाने पुढच्या करारात प्रत्येक जोडावर शिवणाऱ्याचे आणि त्याच्या गावाचे नाव असावे अशी अट घालावी. आमच्यासारख्या वकिलांनी हे अर्ज फुकट तपासून द्यायला हरकत नसावी.